राजीनामा नंतर, आधी हे वाचा: बरा न होणारा आजार, नोकरी आणि पैसे

सगळ्यात आधी एकच सांगते, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. राजीनामा देऊ नका. आज नाही, या आठवड्यात नाही, आणि "आता कशाला ती नोकरी, राहिलेले दिवस घरात आनंदात काढ" असं कुणी काकू-मावशी म्हणाल्या म्हणून तर अजिबात नाही. सोडायची वेळ येईल तेव्हा सोडू, पण सोडायचीही एक पद्धत आहे, ती पुढे सांगते.

मी कळव्याला राहते, महापेला एका केमिकल कंपनीत अकाउंट्स बघते. ब्रेस्टचा कॅन्सर होता, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, पेढे वाटून झाले, आणि चार वर्षांनी पाठ दुखायला लागली. मला वाटलं मंथ-एंडला खुर्चीत बसून बसून दुखतेय, तर पेट स्कॅनमध्ये हाडात निघाला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या आता हा जाणार नाही, औषधांवर ठेवू जेवढं ठेवता येईल तेवढं. त्या संध्याकाळी घरी येऊन चहासुद्धा न घेता मी लॅपटॉप उघडला आणि राजीनाम्याचा मेल टाइप केला. नवरा म्हणाला आधी दोन घास खा, मग काय पाठवायचं ते पाठव. झोप काही लागली नाही पण सकाळपर्यंत डोकं ताळ्यावर आलं आणि मेल डिलीट केला. त्याला आता अडीच वर्षं झाली, पगार अजून चालू आहे. मी डॉक्टर नाही, वकील नाही, सीए पण नाही (इंटरला दोनदा बसले होते, जाऊ दे ते), पण कुठला कागद कुठे लागतो ते मला कळतं, म्हणून लिहितेय.

नोकरीला काय काय लटकलेलं असतं

आपण नोकरी म्हणजे पगार समजतो. पण कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीला लटकलेला असतो, ग्रुप टर्म इन्शुरन्स असेल तर तोही. आणि तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहितीच नसते, पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमा येतो, ज्याचा एक पैसाही आपल्या पगारातून कापला जात नाही, सगळा कंपनी भरते. मेंबर नोकरीत असताना गेला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाखापर्यंत मिळतात. "नोकरीत असताना" हे दोन शब्द दोनदा वाचा. पेन्शन स्कीममधलं विधवा किंवा विधुर पेन्शन पण नोकरीत असताना गेल्यास एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी लागू होतं. आणि ग्रॅच्युइटीची ती पाच वर्षांची अट मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर लागतच नाही, हे तर आमच्या एचआरलाच मी दाखवून दिलं.

म्हणजे बघा, आज भावनेच्या भरात राजीनामा दिला तर घरच्यांच्या ताटातलं किती जातं. वाईट वाटतं असा हिशोब करायला, पण मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब केले, हा माझा स्वतःचा होता.

पहिले पंधरा दिवस: फाइल आणि नावं

एक जाड फाइल घ्या, आणि तेच सगळं मोबाइलवर स्कॅन करून ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनचे रिपोर्ट (फिल्म नाही, लेखी रिपोर्ट), डिस्चार्ज कार्ड, आणि डॉक्टरांचं लेटरहेडवर एक पत्र ज्यात आजाराचं नाव, स्टेज आणि पहिलं निदान कधी झालं ती तारीख असेल. ही तारीख प्रत्येक क्लेम फॉर्मवर विचारतात आणि दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की क्लेम अडकला म्हणून समजा.

आणि नाव. आधारवर एक, पॅनवर एक, पीएफला तिसरंच. माझं पीएफला माहेरचं नाव होतं आणि नॉमिनी म्हणून बाबा, जे जाऊन सहा वर्षं झाली. लग्नानंतर आधीचं पीएफ नॉमिनेशन आपोआप बाद होतं आणि नवीन करावं लागतं, हे मला लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर कळलं, आणि मी अकाउंट्समध्ये काम करते! यूएएनच्या (पीएफचा आपला कायमचा नंबर) पोर्टलवर ई-नॉमिनेशन घरबसल्या होतं, आधार आणि फोटो लागतो. नाव दुरुस्तीला मात्र वेळ जातो, म्हणून ते पहिल्या पंधरवड्यातच सुरू करा, अंगात जीव आहे तोवर. नंतर फॉर्म भरायला बसवत नाही.

ऑफिसमध्ये कुणाला सांगायचं

सगळ्या फ्लोअरला सांगायची गरज नाही. मी दोघांना सांगितलं, साहेबांना आणि एचआरला. तोंडी सांगा, पण त्याच दिवशी एक छोटा मेल पण टाका, की मला अमुक आजार आहे, उपचार इतक्या इतक्या दिवसांनी असतील, त्या दिवसांत घरून काम करायची परवानगी हवी. रडगाणं नको, फक्त काय हवंय ते. पुढे मॅनेजर बदलला तर हा मेलच तुमचा साक्षीदार. माझा बदलला.

मेलमध्येच आणखी तीन-चार प्रश्न विचारून घ्या. ग्रुप मेडिक्लेमची पॉलिसी कॉपी, नुसतं कार्ड नाही. कॉर्पोरेट बफर आहे का, म्हणजे आपला कव्हर संपला की कंपनीच्या सामायिक रकमेतून मिळतं ते. ग्रुप टर्म आहे का, किती. आणि बिनपगारी रजेवर गेले तर हे सगळं चालू राहतं का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि उत्तर लेखीच घ्या.

खरं सांगायचं तर प्रायव्हेट नोकरीत कॅन्सर झाला म्हणून काढू नये असा वेगळा कायदा नाही. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं काढता येत नाही, दुसऱ्या जागी बसवावं लागतं. प्रायव्हेटमध्ये मात्र बरंचसं साहेब कसा आहे यावर. म्हणून रजेचा हिशोब आपला आपण पक्का ठेवायचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या शॉप ॲक्टप्रमाणे वर्षाला ८ कॅज्युअल लीव्ह आणि साठवलेली रजा ४५ दिवसांपर्यंत ठेवता येते, फॅक्टरीवाल्यांचे नियम वेगळे. आधी सिक आणि कॅज्युअल वापरा, साठवलेली शेवटी, ती नाही वापरली तर पैसे मिळू शकतात.

पगार २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयसीत (कामगार राज्य विमा) असाल, आणि मग तुमचं गणित आमच्यापेक्षा बरं आहे. साध्या आजाराला वर्षात ९१ दिवस ७० टक्के, आणि कॅन्सरसारखा दीर्घ आजार त्यांच्या यादीत असेल, दोन वर्षं सलग नोकरी आणि वर्गणीचे दिवस भरत असतील तर पगाराच्या ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. वागळे इस्टेटमधल्या कितीतरी कामगारांना हे माहीत नसतं, बिनपगारी घरी बसतात आणि हातउसने मागत फिरतात.

काम कसं बसवायचं

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर.

माझी आधीची केमो २१ दिवसांच्या सायकलची होती. पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी एकदम टकाटक, घर आवरतेय, रात्री दोन वाजता व्हेंडरला मेल टाकतेय. ती माझी हिंमत नव्हती, केमोसोबत स्टिरॉइड देतात त्याची किक होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाडकन खाली. मग साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा लोकलच्या गर्दीत जायचंच नाही. तिसरा आठवडा आपला, माणसात आल्यासारखा. हे दोन-तीन सायकल वहीत लिहून काढलं की आपला पॅटर्न कळतो, आणि मग डॉक्टरांना सरळ सांगायचं, मॅडम माझी टीडीएसची तारीख ७, जीएसटीची ११ आणि २०, केमो दोन दिवस इकडे तिकडे होईल का. कधी होते, कधी नाही. पण विचारायला काय जातं, त्यांनाही आवडतं पेशंट काम करतोय ते.

दुसरं म्हणजे डोकं. विसरायला होतं, शब्द सापडत नाहीत, आकडे उलटे पडतात. मी एकदा ४५ हजारांच्या जागी ५४ हजारांचं पेमेंट चढवलं, पार्टी ओळखीची म्हणून वाचले. तेव्हापासून एक नियम, मी एंट्री करते, पास दुसरा करतो. दुखण्यावर मॉर्फिन किंवा तसलं काही सुरू झालं की पहिले काही दिवस तर बँकेच्या व्यवहाराला हातच लावायचा नाही, ना ऑफिसच्या ना घरच्या. तुम्ही रिक्षा चालवत असाल, मशीनवर असाल, तर हे आणखी कडक पाळा, डोस बसेपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

प्रवासाचं म्हणाल तर लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचं कार्ड किंवा फाइलमधला कागद पर्समध्ये ठेवा. टीसीपेक्षा डब्यातले लोकच जास्त चौकशी करतात, "दिसत तर नाही तुम्हाला काही" वगैरे. एकदा मी स्कार्फ काढून दाखवला, मग पनवेलपर्यंत कुणी बोललं नाही. बाहेरगावच्या गाडीला उपचारासाठी जाताना पेशंटला भाड्यात मोठी सूट असते, स्लीपर आणि थर्ड एसीला तर भाडंच लागत नाही, सोबतच्याला ७५ टक्के सूट, डॉक्टरांचं सर्टिफिकेट रेल्वेच्या नमुन्यात हवं. गावाहून येणाऱ्यांनी हे जरूर करावं.

मेडिक्लेम कसा वापरायचा

पॉलिसी कॉपी घेऊन बसा आणि चार जागा शोधा. रूम रेंटची मर्यादा, कारण त्याच्या वरची रूम घेतली तर नुसता रूमचा फरक नाही, बिलाच्या इतर बाबींतही त्याच प्रमाणात कापतात. डे-केअर केमो कव्हर आहे का, बहुतेक असते, २४ तास ॲडमिट असायची अट तिथे लावत नाहीत. तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी यांना वेगळी मर्यादा असू शकते, ती आकड्यात लिहून ठेवा. आणि ॲडमिट व्हायच्या आधीच्या आणि नंतरच्या किती दिवसांची बिलं चालतात, बहुधा ३० आणि ६० दिवस असतात, म्हणजे ब्लड टेस्टची चिठोरी पण फेकायची नाहीत.

स्वतःची टर्म किंवा एलआयसीची पॉलिसी असेल तर रायडर वाचा, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर. क्रिटिकल इलनेस रायडर असेल तर निदान झालं की एकरकमी पैसे मिळतात, फक्त निदानानंतर ठरावीक दिवस हयात असण्याची अट असते. काही टर्म पॉलिसीत टर्मिनल इलनेस बेनिफिट असतो, म्हणजे आयुष्य सहा महिने किंवा वर्षभर उरलंय असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर विम्याची रक्कम जिवंतपणीच मिळते. आमच्या ओळखीतल्या एका घरात हा रायडर होता आणि माणूस गेल्यावर कळलं. तोवर त्यांनी मंगळसूत्र गहाण टाकून झालं होतं.

आजार लपवून नवीन पॉलिसी काढायच्या नादी लागू नका, एजंट म्हणेल होतं हो, पण क्लेमच्या वेळी तो फोन उचलत नाही. ६० महिने सलग चाललेल्या आरोग्य पॉलिसीत मात्र "तुम्ही माहिती लपवली" म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून जुनी पॉलिसी एक दिवसही लॅप्स होऊ द्यायची नाही. हप्ता चुकला तर ग्रेस पिरियड असतो पण आपण त्याच्या भरवशावर कशाला राहायचं, ऑटो डेबिट लावून टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ आणि लाइफ पॉलिसीवर जीएसटी नाही, तेवढाच हातभार.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, ३० दिवस वाट, मग विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे क्लेम तिथे चालतात.

मेडिक्लेम नसेल किंवा संपला असेल तर

महात्मा फुले जनआरोग्य योजना. आता ती फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची राहिलेली नाही, पांढरं कार्ड असेल तरी चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आधी जायचं, कॅश काउंटरला नंतर. हा क्रम का सांगतेय, कारण ही योजना कॅशलेस आहे, आधी भरलेले पैसे परत मागायला गेलात की डोक्याला ताप. आमच्या दिरांच्या वेळी एका हॉस्पिटलनं (नाव नको) दोन सायकलचे पैसे रोख घेतले आणि मग सांगितलं, अरे तुमचं योजनेत बसलं असतं. माहिती हवी असेल तर १५५३८८ वर फोन करा. घरात पेशंट सत्तरीच्या वरचा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अटच नाही, तेही ५ लाखांचं.

टाटाला परळला जायचं असो की खारघरच्या ॲक्ट्रेकला (तेही टाटाचंच), फाइल काढतानाच जनरल की प्रायव्हेट हे विचार करून ठरवा, दोन्हीच्या दरात खूप फरक आहे. लाजेखातर प्रायव्हेट काढू नका, ज्यांना वाटतं जनरल म्हणजे औषधं हलकी त्यांना सांगते, डॉक्टर तेच, औषध तेच, रांग मोठी. आणि मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच आठवड्यात भेटा, ट्रस्टची मदत, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, कंपन्यांच्या महागड्या औषधांच्या सवलत योजना, सगळं त्यांना ठाऊक असतं. मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा कारण ॲडमिट झाल्यावर ठाण्याच्या तहसील ऑफिसला कोण रांग लावणार. अगदीच उत्पन्न नसेल तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरसारखे आजार बसतात, महिना १५०० रुपये, औषधाला नाही पण दुधाला होतात.

कुठला पैसा आधी काढायचा

माझा क्रम असा: विमा, मग योजना, मग सेव्हिंग, मग एफडी, मग पीएफ, आणि सोनं-घर अगदी शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्याच घाबरण्यात सोनं मोडतात.

एफडी मोडण्याआधी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो का बघा. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर कर्ज मिळतं, सरेंडर करू नका, आत्ता तर मुळीच नाही. पीएफमधून आजारपणासाठी ॲडव्हान्स फॉर्म ३१ ने ऑनलाइन मिळतो, आणि २०२५ मध्ये ऑटो सेटलमेंटची मर्यादा १ लाखावरून ५ लाख केल्यापासून पैसे बरेच पटकन येतात. म्हणूनच जपून, पटकन येतात म्हणून पटकन जातात. पीपीएफ पाच वर्षांनंतर जिवावरच्या आजारासाठी मुदतीआधी बंद करता येतं, व्याजात १ टक्का कमी मिळतं. एनपीएसमध्ये तीन वर्षं झाली असतील तर आपल्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत मिळतात.

पतपेढीत ठेव असेल तर ती आधी बाहेर काढा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतपेढीला तो नाही. भिशी चालू असेल तर आपला नंबर लवकर मागून घ्या, बायका देतात. आणि हातउसने घेतलेले, दिलेले, सगळे एका वहीत तारखेसकट. दिलेले विशेषतः, आपल्या मागे कुणी आठवण करून देत नाही.

एक कठीण गोष्ट. नवीन महागडं औषध सुचवलं की डॉक्टरांना विचारा, याने साधारण किती वेळ वाढतो आणि तो वेळ कसा जाईल, आणि महिन्याला खर्च किती. बहुतेक डॉक्टर विचारलं तर सांगतात, आपणच विचारत नाही. मी एकदा विचारलं आणि एक औषध नाही घेतलं. घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही, लेक तर म्हणाली आई तू स्वतःला पण बजेटमध्ये बसवतेस. असेल. पण मुलीच्या इंजिनिअरिंगची फी आणि दीड-दोन महिने यांची तुलना करायचा हक्क माझा होता. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं आणि ते चुकीचं नसेल. गावाकडून कुणी "अमक्या वैद्याकडे ४० हजारांत मुळापासून जातो" म्हणालं तर मात्र पैसे देऊ नका, त्याच ४० हजारांत बाई ठेवा स्वयंपाकाला.

टॅक्स

पटकन. कॅन्सर, किडनी फेल, पार्किन्सन्स, मोटर न्यूरॉन अशा आजारांच्या उपचार खर्चावर ४०,००० आणि साठीच्या वरच्यांना १ लाखापर्यंत वजावट आहे, जिला सगळे ८०डीडीबी म्हणतात, स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. अपंगत्व ४० टक्के असेल तर ७५,०००, ८० टक्क्यांच्या वर १,२५,०००. हे सगळं फक्त जुन्या रेजीममध्ये, म्हणजे जुन्या कर पद्धतीत. कंपनी आपोआप नवीन धरते, पण पगारदार माणसाला रिटर्न भरताना दरवर्षी बदलता येतं, दोन्हीकडून काढून बघा. नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आलाय, कलमांचे नंबर त्यात बदललेत, सीएला जुना नंबर सांगितला तरी त्याला कळेल. नुसत्या कॅन्सरवर दिव्यांग सर्टिफिकेट मिळत नाही, पण हात-पाय गेला, स्वरयंत्र काढलं, अर्धांग झालं तर मिळतं, अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्र) पोर्टलवर आणि तपासणी सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डापुढे.

नॉमिनी, मृत्युपत्र, सोसायटी

नॉमिनी म्हणजे सहसा मालक नाही. तो फक्त पैसे हातात घेणारा, मालक कोण ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. तरी नॉमिनी हवाच, नाहीतर घरच्यांना साध्या सेव्हिंगसाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जण नॉमिनी लावता येतात. घरखर्चाचं खातं जॉइंट करून "दोघांपैकी कुणीही" असं ठेवा. पॉवर ऑफ ॲटर्नी दिलीय म्हणून निवांत राहू नका, माणूस गेला की ती त्याच क्षणी संपते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार, ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण. आजारपणात केलंय म्हणून पुढे कुणी शंका घेऊ नये यासाठी त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की पेशंट शुद्धीत आणि समजून सही करतोय. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण १०० रुपये फी आहे, करून टाका. सोसायटीत नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत द्या आणि पोच घ्या, आमच्या सेक्रेटरींनी पहिला फॉर्म हरवला होता. नवी मुंबईत सिडकोचं लीजचं घर असेल तर सोसायटीबरोबर सिडकोच्या ट्रान्सफरचे कागद पण बघून ठेवा.

होम लोनसोबत विमा काढला होता का ते सँक्शन लेटरमध्ये शोधा, कधीकधी बँकेनं गळ्यात मारलेला असतो आणि आता तोच कामाला येतो. आपल्या मागे वसुलीवाले आले तर घरच्यांना एवढं माहीत असू द्या: वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच देणी, स्वतःच्या पगारातून नाही. सहकर्जदार आणि जामीनदार मात्र पूर्ण अडकतात.

याच बैठकीत लिव्हिंग विल पण. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे आपण आधी लिहून ठेवू शकतो, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मी हे पैशाच्या लेखात का घालतेय ते ज्यांनी आयसीयूचं शेवटच्या दहा दिवसांचं बिल पाहिलंय त्यांना सांगायला नको. शेवटच्या काळासाठी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, चौकशी आधीच करा, वांद्र्याचं शांती अवेदना १९८६ पासून आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत.

नोकरी सोडायचीच वेळ आली की

डॉक्टरांनी लिहून दिलं की आता काम जमणार नाही, तेव्हाही "राजीनामा" हा शब्द वापरायची घाई नको. आधी उरलेली सगळी रजा, मग बिनपगारी रजा, लेखी उत्तर मिळालेलं असेल तर. त्यानंतर वैद्यकीय कारणाने कायमचं अक्षम असं सर्टिफिकेट घेऊन निवृत्ती मागा, कारण त्याच सर्टिफिकेटवर पीएफ पूर्ण काढता येतो, ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट सुटते, आणि पेन्शन स्कीममधून अपंगत्वाचं पेन्शन मागता येतं. कंपनीच्या रोलवरून (कर्मचाऱ्यांच्या यादीतून) नाव जायच्या महिनाभर आधी ग्रुप मेडिक्लेम त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलायचा अर्ज टाका. नाव गेल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि ईडीएलआय, ग्रुप टर्म हे नोकरी गेली की जातात, म्हणून अगदी थोडे दिवस उरलेत असं डॉक्टर स्पष्ट म्हणत असतील तर रोलवर राहणंच घरच्यांच्या फायद्याचं. साहेबाला हे उघड सांगा. आमच्या साहेबांना सांगितलं तर ते दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, तुमचं नाव काढायचं कुणी बोलणार नाही.

घरातल्या दुसऱ्याला शिकवा

आमच्याकडे नवऱ्याला पैशातलं ओ की ठो कळत नव्हतं, सगळं माझ्या मोबाइलमध्ये. मग दर रविवारी सकाळी पोहे झाले की एक एक गोष्ट. महावितरणचं बिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीची फी, मग नेटबँकिंग, मग डिमॅट. पहिले दोन महिने आम्ही रोज भांडलो. खाती, पॉलिसी, लॉकर, कुठल्या एजंटला फोन करायचा, हे सगळं एका लाल वहीत आहे, पासवर्ड वेगळ्या पाकिटात माझ्या बहिणीकडे, कपाटाच्या दाराला चिकटवलेले नाहीत (ते आमच्या सासऱ्यांचं होतं).

आणि मोबाइलचं सिम. माणूस गेला की तेराव्याच्या आत कुणीतरी उत्साहानं नंबर बंद करतं, आणि मग बँकेचे, पीएफचे, विम्याचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर जातात. मुलीला सांगून ठेवलंय, बाबा विसरले तरी तू माझ्या नंबरला वर्षभर रिचार्ज मारत राहा, सगळ्यात स्वस्तातला.